निवडलेला चेहरा

डॉक्टर भडभडेंनी समोरच्या पडद्यावर तीन चेहरे आणले, तेव्हा आपण काय बघतोय हे इबानरीला क्षणभर कळलंच नाही.

तिघंही दहाएक वर्षांची दिसत होती. डोक्यावर केस नव्हते, अंगात एकसारखे पांढरे सदरे होते. मुलगा की मुलगी हे ओळखू येऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी. लिंगनिदान अजूनही गुन्हाच होता. बाकी सगळं कायद्यात बसत होतं.

“ही तुमची मुलं,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणजे, होऊ शकतील अशी.”

इबानरी नॉन्गरुम ही मेघालयातल्या खासी समाजातली. हवामानशास्त्र शिकायला पुण्याला आली आणि इथेच एका हवामान कार्यालयात नोकरीला लागली. तिचा नवरा सुहृद आगाशे पूल बांधणाऱ्या एका कंपनीत अभियंता होता. मूल होऊ द्यायचं ठरवल्यावर दोघांनी रक्त तपासून घेतलं. तिच्यात हिमोग्लोबिनचा एक दोष निघाला. ईशान्येकडे तो इतका सर्रास सापडतो, की कुणी त्याची दखलही घेत नाही. सुहृदमध्ये थॅलेसेमियाचा दोष निघाला. वेगवेगळे असताना दोन्ही निरुपद्रवी. पण एकाच बाळात दोन्ही उतरले, तर त्या बाळाचा उभा जन्म दुसऱ्यांचं रक्त घेण्यात जाणार. ही शक्यता चारात एक होती. म्हणून ती दोघं या केंद्रात आली होती. भ्रूण प्रयोगशाळेत वाढवायचे, पाचव्या दिवशी त्यांतल्या थोड्या पेशी काढून जनुकं वाचायची आणि निर्धोक असेल तोच गर्भाशयात ठेवायचा, हे तंत्र जुनंच होतं. त्यातून तीन भ्रूण निर्धोक ठरले होते.

चेहऱ्यांची सोय मात्र नवी होती. नाक, जबडा, पापण्या, कातडीचा रंग यांना आकार देणाऱ्या जनुकांतल्या जागा काही हजार आहेत. एकट्या जागेचा परिणाम नगण्य असतो, पण लाखो माणसांची जनुकं आणि चेहरे शेजारी ठेवून शिकवलेल्या यंत्राला आता त्या सगळ्यांची बेरीज करता येत होती.

“म्हणजे अंदाजच ना?” इबानरीनं विचारलं. तिचा रोजचा धंदाच तो होता.

“अंदाजच. पण तुमच्या पावसाच्या अंदाजापेक्षा बरा,” डॉक्टर हसल्या.

“पण आईबाप तेच असताना तिघं इतकी वेगळी कशी?” सुहृद म्हणाला.

“मूल आईकडून अर्धं घेतं आणि वडिलांकडून अर्धं. पण कुठलं अर्धं, ते कुणाच्या हातात नसतं. इबानरींच्या शरीरात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आहेत आणि त्या सारख्या नाहीत. खासी लोकांत पूर्वेकडून आलेल्यांचं रक्त आहे, तसं इथल्या जुन्या रहिवाशांचंही आहे. एका बीजात एक वारसा जास्त उतरतो, दुसऱ्यात दुसरा. आपल्या देशात कुणाचंही तसंच असतं. तुमच्यासारख्या घरात ते फक्त डोळ्यांना दिसतं.”

इबानरीनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पहिला चेहरा तिच्या आईचा होता. रुंद गालफडं, बसकं नाक, पापणीची ती घडी, हसायच्या बेतात असल्यासारखे ओठ. तिच्या आईला, मेइला, लहानपणी कुणी बघितलं असतं तर अशीच दिसली असती. दुसरा चेहरा अधलामधला होता. तिसरा आगाशे घराण्यातल्या कुठल्याही समारंभाच्या फोटोत खपून गेला असता. सरळ नाक, खोल डोळे, लांबट हनुवटी. आगाशांचे घारे डोळे तेवढे नव्हते. ते दोन्ही बाजूंनी यावे लागतात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

“निवड करायलाच हवी असं नाही,” त्या म्हणाल्या. “तिन्ही भ्रूण उत्तम आहेत. आम्ही कुठलाही एक ठेवू शकतो.”

सुहृद पडद्याकडेच बघत होता. इबानरी मात्र पुण्यातली तिची वर्षं आठवत राहिली. घर भाड्यानं घ्यायला गेल्यावर आधार कार्ड बघूनही पासपोर्ट मागणारा मालक. तिच्या अस्खलित मराठीवर टाळ्या वाजवणारे आणि मग पुन्हा मोडक्या हिंदीत बोलायला लागणारे शेजारी. गल्लीतून जाताना मागून येणारी ‘मोमो’ अशी हाक. बसमध्ये शेजारी बसल्यावर नाकाला पदर लावणारी बाई. आणि परवाच, स्वतःच्याच इमारतीच्या फाटकात नव्या पहारेकऱ्यानं विचारलेलं, “कुठल्या फ्लॅटला मसाज आहे?” यातली एकही गोष्ट सांगून रडावं एवढी मोठी नव्हती. पण ती रोजची होती. आणि हे सगळं एखाद्या दहा वर्षांच्या पोराच्या वाट्याला आलेलं तिला बघवलं नसतं.

“तिसरा,” ती म्हणाली.

“नक्की?” सुहृदनं विचारलं.

“नक्की.”

“तू म्हणशील तसं,” तो म्हणाला, आणि त्यानं श्वास सोडला. हलकेच, इतर कुणाच्या लक्षात येणार नाही असा. त्याच्या त्या सुटकेच्या श्वासाबद्दल इबानरी त्याला पुढे कितीतरी वर्षं काही बोलली नाही. पण तो तिच्या मनातून कधी गेलाही नाही.

मुलगी झाली. तिचं नाव रिसा ठेवलं. खासी माणसाला मुलगी होणं म्हणजे कूळ पुढे चालणं; कूळ तिथे आईकडून येतं. फोनवर बातमी ऐकून इबानरीचा भाऊ तिकडे गाणं म्हणायला लागला.

इबानरीच्या सासूबाई मेधाताई निवृत्त शिक्षिका होत्या. सुनेला मराठी त्यांनीच शिकवलं होतं, पट्टी हातात नसली तरी तशाच धाकात. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, “अगदी सुहृद. पण इबा, तुझं काहीच नाही गं हिच्यात.”

“हाताची बोटं बघा, आई.”

मेधाताईंनी बोटं पाहिली. “बोटं सगळ्या बाळांची सारखीच असतात,” त्या म्हणाल्या. चेहऱ्याच्या निवडीबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अंदाज खरा ठरला. वर्षागणिक रिसा त्या पडद्यावरच्या चेहऱ्याच्या जवळ जवळ जात राहिली. तिला कुणी मागून हाक मारली नाही, पासपोर्ट मागितला नाही. बागेत ती इतर पोरांत मिसळली की शोधावी लागे. हेच तर इबानरीला हवं होतं. फक्त आता लोक इबानरीला विचारायचे. बागेतल्या बाकावर शेजारची बाई म्हणे, “महिना किती देतात तुला? आमची बाई सोडून चाललीय.” बालवाडीच्या दारात शिपाईण म्हणे, “मॅडमची चिठ्ठी आणलीय का मुलीला न्यायला?” ती आई असल्याचं सांगे, समोरची माणसं ओशाळत, माफी मागत. मग एक दिवस इबानरीला जाणवलं, की बागेत जाताना आपण मुद्दाम ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात ठेवतो.

रिसा सहा वर्षांची झाली तेव्हा मेइ आजारी असल्याचा निरोप आला. इबानरी मुलीला घेऊन निघाली. सुहृदचं काम अडलेलं होतं, तो मागाहून येणार होता.

त्या सुमारास लहान मुलं पळवण्याचे प्रकार वाढले होते आणि खोटे जन्मदाखलेही सहज मिळत होते. म्हणून विमानतळांवर नवं यंत्र बसलं होतं. लहान मूल आणि सोबतचं मोठं माणूस त्याच्यासमोर उभं राहिलं, की ते दोघांच्या चेहऱ्यांची ठेवण ताडून नात्याचा कौल द्यायचं. बहुतेकांसाठी ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत हिरवं होई. इबानरी आणि रिसासाठी ते लाल झालं. दुसऱ्यांदाही झालं.

आतल्या खोलीत एक महिला अधिकारी होत्या, सौम्य, मध्यमवयीन. त्यांनी जन्मदाखला पाहिला आणि बाजूला ठेवला. इबानरीला काचेपलीकडे बसवलं आणि रिसापुढे बिस्किटं ठेवली. काचेतून आवाज येत होता.

“बाळा, घाबरू नकोस हं. या बाई कोण आहेत?”

“आई.”

“बरं. आणि तुझी खरी आई कुठे आहे?”

रिसा गोंधळली. तिनं काचेकडे पाहिलं, मग अधिकाऱ्यांकडे. “बाबा घरी आहेत,” ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि काहीतरी टिपून घेतलं.

सुहृदनं फोनवरून सगळं सांगितलं, पण फोनवरच्या माणसावर विश्वास ठेवायची मुभा नव्हती. शेवटी दोघींच्या गालाच्या आतून कापूस फिरवून नमुने घेतले. निकाल यायला वेळ लागला. विमान गेलं. मातृत्व सिद्ध झाल्याचं कळल्यावर त्या अधिकारी स्वतः येऊन म्हणाल्या, “माफ करा, ताई. पण यंत्रानं एक जरी मूल वाचवलं, तरी...” इबानरी त्यांच्यावर चिडू शकली नाही. त्यांच्या जागी तीही हेच म्हणाली असती.

“आई, यंत्राला कळलं कसं नाही?” रिसानं विचारलं.

“यंत्रं चुकतात कधी कधी.”

पण यंत्र चुकलं नव्हतं. त्यानं चेहरा बरोबर वाचला होता.

मेइचं घर शिलाँगपासून दीड तासावर, एका उतारावर होतं. दोघी दुसऱ्या दिवशी पोचल्या तेव्हा मेइ चुलीजवळ बसलेली होती. अंगानं ती सावरली होती, पण तिची आठवण जात चालली होती. इबानरीला तिनं ओळखलं, तिचे हात धरले. मग तिची नजर रिसावर गेली. तिनं पाहुण्यांना देतात तसा लाल चहाचा पेला आणि गुळाचा वडा रिसापुढे ठेवला, आणि इबानरीकडे वळून खासीत म्हणाली, “गोड पोर आहे. खालच्या मैदानातल्या लोकांची दिसते. आता तिला पोचवून ये. तिची आई काळजी करत असेल.”

“आजी काय म्हणाली?” रिसानं विचारलं.

“म्हणाली, तू गोड आहेस.”

इबानरी तिथे दोन आठवडे राहिली. मेइ रोज रिसाला नव्यानं चहा द्यायची, आणि रोज तेच सांगायची.

मेइ गेली तेव्हा रिसा तेरा वर्षांची होती. अंत्यविधीला सारं कूळ जमलं. इबानरीच्या भावानं सर्वांसमोर रिसाला जवळ घेतलं आणि सांगितलं, की आईचं कूळ तेच लेकीचं, त्यात चेहऱ्याचा काही संबंध नाही. घरच्या माणसांनी ते मानलंही. पण दुसऱ्या दिवशी बाजारात मामेबहिणीबरोबर गेलेली रिसा लवकर परत आली. काही पोरांनी तिला ‘ड्खार’ म्हणून हटकलं होतं. ड्खार म्हणजे बाहेरचा, उपरा.

“तू सांगायचंस ना, मी इथलीच आहे म्हणून,” इबानरी म्हणाली.

“सांगितलं. ते हसले.” रिसानं चपला काढल्या. “त्यांना तसं वाटणारच ना, आई. मलाही तसंच वाटतं इथे.”

त्यानंतर ती तिकडे गेली नाही. इबानरीनं पुण्याची हवा ओळखून मुलीला जपलं होतं. तिच्या स्वतःच्या गावचीही एक हवा आहे, हे तिच्या हिशेबात आलंच नव्हतं.

केंद्रातून फोन आला तेव्हा रिसा अकरावीत होती. उरलेले दोन भ्रूण गोठवून ठेवायची मुदत संपत आली होती. ठेवायचे, दुसऱ्या जोडप्याला द्यायचे की नष्ट करायचे, ते कळवायचं होतं.

इबानरीनं रात्रीच्या जेवणाला विषय काढला.

“नष्ट करायला सांग,” सुहृद वाढून घेत म्हणाला. “आता काय करायचेत?”

“पहिला मला ठेवायचाय,” इबानरी म्हणाली. “माझ्यात. अजून कायद्याच्या वयात बसते मी. केंद्रातल्या नव्या डॉक्टर म्हणाल्या, धोका आहे, पण अशक्य नाही.”

सुहृदचा हात थांबला. “या वयात? इबा, कशासाठी?”

“पहिला म्हणजे काय?” रिसानं विचारलं.

रक्तातल्या दोषामुळे आपल्याला तपासून निवडलं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. चेहऱ्यांचं माहीत नव्हतं. इबानरी शब्द जुळवत असतानाच सुहृद चिडून बोलून गेला, “तिघांचे चेहरे दाखवले होते तेव्हा. पहिला आईसारखा होता. तुझ्या आईनंच तुला निवडलं, चेहरा बघून. मी तर मध्ये बोललोही नव्हतो.”

“नाही बोललास,” इबानरी म्हणाली. “तू नुसता सुटकेचा श्वास सोडलास.”

मग मेधाताईंनी ताट सरकवलं. “मला का नाही विचारलंत तेव्हा?”

“तुम्ही काय म्हणाला असता, आई?”

खोटं बोलायची मेधाताईंना सवय नव्हती. “तेव्हा मीही तिसराच म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या. “मग पुढे कधीतरी त्याची लाज वाटली असती. पण तोवर हीच झाली असती ना.” त्यांनी रिसाच्या पाठीवर हात ठेवला. रिसा उठून आत गेली.

पुढचे काही दिवस ती फक्त हो-नाही एवढंच बोलत होती. एका दुपारी इबानरी तिच्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

“ते बाळ आणलं तर तुला आवडेल का?”

“त्याच्याकडे बघून तुला बरं वाटेल,” रिसा म्हणाली. “रस्त्यात तुम्ही दोघं मायलेकरं दिसाल. विमानतळावर हिरवा दिवा लागेल. आणि मी शेजारी उभी असेन.”

“रिसा, तसं नाही...”

“तसंच आहे.”

“मग नको. तुला नको असेल तर मी नाही म्हणून कळवते.”

रिसानं पहिल्यांदाच मान वर केली. “मला का विचारतेस? पहिल्यांदा कुठे विचारलं होतंस कुणाला? आणि आता माझ्या नावावर ते मरणार?”

इबानरीला त्या रात्री आणि पुढच्याही रात्री झोप लागली नाही. ते मूल आणलं, तर रिसा म्हणजे एक दुरुस्त केलेली चूक ठरणार. न आणलं, तर स्वतःच्या आईच्या चेहऱ्याला ती दुसऱ्यांदा नाही म्हणणार. दुसऱ्या जोडप्याला दिलं, तर मेइचा चेहरा कुठल्यातरी परक्या घरात वाढणार, आणि त्या घरालाही कुणीतरी विचारत राहणार, हे मूल कुणाचं. अंदाज बांधायची तिला आयुष्यभर सवय होती. इथे प्रत्येक वाटेवरचा अंदाज तिला स्पष्ट दिसत होता, आणि एकीकडेही जावंसं वाटत नव्हतं.

शेवटी तिनं नष्ट करायला सांगितलं. हे आपण ठरवलंय, रिसानं नाही, एवढं तिनं मुलीला स्पष्ट सांगितलं.

“मी येते बरोबर,” रिसा म्हणाली.

केंद्रानं हरकत घेतली नाही. भडभडे बाई निवृत्त झाल्या होत्या. पांढऱ्या कोटातल्या एका तरुण मुलीनं नायट्रोजनच्या टाकीतून दोन बारीक नळ्या काढल्या. त्यांच्याभोवती धुकं सांडलं. तिनं नळ्या स्टीलच्या थाळीत ठेवल्या. करायचं काहीच नव्हतं. खोलीच्या उबेत त्यांना नुसतं राहू द्यायचं, बस.

“यातला आईसारखा कुठला?” रिसानं विचारलं.

त्या मुलीनं आकडे वाचून डावीकडची नळी दाखवली. रिसा वाकून बघत राहिली. नळीवरचं हिम आधी पांढरं होतं, मग पारदर्शक झालं, मग त्याचं पाणी थाळीत उतरलं. आत काही दिसलं नाही. काही दिसणारच नव्हतं.

“झालं,” ती मुलगी हलकेच म्हणाली.

इबानरी तिथे रडली नाही. ती रडली ती खाली, गाडीत बसल्यावर, हात स्टिअरिंगवर ठेवून. रिसा शेजारी बसून होती. तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला नाही, पण दारही उघडलं नाही. इबानरीचं रडू ओसरेपर्यंत ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

“रिसा, एक ऐक,” इबानरी म्हणाली. “तू व्हायला नको होतीस, असं मला एकदाही वाटलं नाही. एक क्षणही नाही.”

“माहीत आहे मला.” रिसाचा आवाज शांत होता. रागाचा मागमूसही नव्हता त्यात, आणि त्यामुळेच तो ऐकवेना. “मी नको, असं तुला कधीच वाटलं नाही. तू नको, असं तुला वाटलं होतं. त्यातूनच मी झालेय.”

बाहेर पार्किंगवाला काचेवर टकटक करत होता. मागे दुसरं एक जोडपं गाडी लावायला खोळंबलं होतं, बाई ओटीपोटावर हात ठेवून बसलेली. इबानरीनं डोळे पुसले, गाडी सुरू केली आणि त्यांना जागा करून दिली.